राघोमामांनी पाडलेलं विमान

धसई, ता. मुरबाड
२१ जानेवारी २०२५

स्वरूपदादा,

नमस्कार करून सुरुवात करावी की माफी मागून, हे ठरवण्यात दोन दिवस गेले. शाळा सुटली की टोकावड्याच्या स्टँडवर उभी राहून वाक्यं जुळवते आणि धसईला उतरेपर्यंत ती मोडतात. म्हणून आज सरळ लिहायलाच बसले. जनाआत्या म्हणाली, तुझ्या केंद्रात पहिले तीन महिने फोन देत नाहीत, पण पत्र चालतं. बरं झालं. मला हे फोनवर बोलता आलं नसतं.

बाबांना चार दिवसांपूर्वी हॉस्पिटलातून घरी आणलं. पायाला प्लास्टर आहे, पण तब्येत बरी आहे. तू काळजी करू नको.

परवा अपघाताची चौकशी करणारे दोन साहेब घरी आले होते. आई चहा गाळत होती, मी बाबांच्या उशाशी होते. साहेबांनी विचारलं, "वळण घेताना नेमकं काय झालं?" बाबा छताकडे बघत म्हणाले, "मी घाबरलो. पुढ्यात दांडा होता तो दोन्ही हातांनी ओढला. भाच्याने किती सांगितला, मामा सोडा, सोडा. मी नाय सोडला. विमान माझ्यामुळं पडला." पोलिसांनाही त्यांनी हॉस्पिटलात हेच सांगितलं होतं म्हणे. आम्ही मात्र पहिल्यांदा ऐकत होतो. आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली, चहा ओट्यावर गेला.

दादा, आपल्या सगळ्या नात्यात विमान चालवणारा तू एकटा. तुझा गणवेशातला फोटो बाबांनी आजोबांच्या फोटोशेजारी लावलाय आणि पाहुणा आला की आधी तो दाखवतात. त्याच बाबांनी तुझं असं करावं? तुझ्या कपाळाला सोळा टाके पडले, विमानाच्या मालकाने कामावरून काढलं, लायसन अडकलं. आणि आत्या सांगते की अपघाताच्या धसक्याने झोप उडाली, त्यातून तुला दारू लागली. म्हणजे तीसुद्धा आमच्यामुळेच.

मी त्या दिवशी शाळेची सहल घेऊन गेले होते. घरी असते तर बाबांना विमानात बसूच दिलं नसतं. बासष्टाव्या वर्षी कसली हौस. त्यांना माफ कर. ते स्वतः तुला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

तुझी,
दर्शना


व्यसनमुक्ती केंद्र, ता. शहापूर
२९ जानेवारी २०२५

प्रिय दर्शू,

तुझं पत्र मिळालं. इथे पत्र आधी ऑफिसात उघडतात, मग हातात देतात. त्यामुळे ते हातात आलं तेव्हा कारकुनाच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल दया होती.

माझं बरं चाललं आहे. पहाटे पाचला उठवतात. प्रार्थना, व्यायाम, मग वांग्याच्या वाफ्यांना पाणी. दुपारी सगळ्यांना गोल बसवतात आणि एकेकाने आपलं सांगायचं असतं. मी अजून काही सांगितलेलं नाही. माझ्या खोलीत सावळाराम नावाचे एक गृहस्थ आहेत, पूर्वी ट्रक चालवायचे. ते रोज सांगतात, आणि रोज तेच सांगतात.

मामांना सांग, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. घाबरलेला माणूस हाताला येईल ते धरतो. त्यात त्यांचा दोष नाही. विमान दोन सीटचं, बाजूने उघडं, दोघांपुढे एकेक दांडा. शिकाऊ माणसासाठी तशी सोय असते. इंजिन उत्तम चालू होतं, वारा नव्हता. वळणात एकदम झटका बसला आणि मला सावरायला उंची राहिली नाही. इतकंच घडलं. चौकशीवाल्यांनाही मी एवढंच सांगितलं आहे.

माफी कसली मागतेस? माझ्या मनात मामांबद्दल काहीही नाही. ही गोष्ट आता आपल्यात संपली असं समज.

प्लास्टर कधी काढणार? मामी कशा आहेत? उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही.

तुझा,
स्वरूपदादा


धसई
८ फेब्रुवारी २०२५

स्वरूपदादा,

उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही म्हणालास, तरी लिहिते. तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. "माझ्या मनात काहीही नाही" हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाले, "बास झाला. पाणी दे."

साहेबांपुढे बाबा जे बोलले ते गावभर झालं. बाजाराच्या दिवशी भाजी घेताना एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "राघोनं आजवर बैलगाडी नाय पलटी केली, नि एकदम विमानच पाडला." सगळे हसले. वाईट मनाने नाही हसले, पण हसले. माझ्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत दोन बाकं जोडून विमान करतात. एकजण भाचा होतो, एकजण मामा, आणि मामा झालेला पोरगा ओरडत दांडा ओढतो. मी एकदा रागावले, मग सोडून दिलं. बाबा ओटीवर बसायला तयार नाहीत. आई त्यांच्याशी बोलत नाही, ताट ठेवते आणि जाते. मला म्हणाली, "नणंदेला तोंड दाखवायला जागा नाय ठेवली यांनी."

एक विचारायचं आहे. शेजारची भिमी काल बाबांना बघायला आली होती. त्या दिवशी ती आमच्याच खळ्यावर भात झोडत होती. आई पाठमोरी होती, तिने काही पाहिलं नाही; विमान खाली आलं तसे बाकी सगळ्यांनी हात थांबवून वर पाहिलं. भिमी म्हणाली, "तुझा बा आमाला दोनी हात वर करून हलवत होता गो. पालखी बघितल्यागत. हसत होता. तसाच हसत खाली आला." मी विचारलं, दांडा कधी धरला मग? ती म्हणाली, "मना काय म्हायती. मी हात बघले ते वरच बघले."

कदाचित नंतर धरला असेल. पण घाबरलेला माणूस हसत नाही ना? बाबांना विचारलं तर ते खेकसले. तू शेजारी होतास, तुला माहीत असणार. उगाच डोक्यात फिरत राहिलंय, म्हणून विचारते. तुला त्रास द्यायचा नाही.

दर्शना


केंद्र, शहापूर
१७ फेब्रुवारी २०२५

दर्शना,

जमिनीवरून वर बघणाऱ्याला विमानातलं काहीही नीट दिसत नाही. हे मी अनुभवाने सांगतो. खळं आणि आमच्यात अंतर होतं, उन्हं तिरपी होती, आणि सगळं दोन-तीन सेकंदांत झालं. भिमीने काय पाहिलं आणि काय पाहिल्यासारखं वाटलं, यावर काही ठरवता येत नाही.

इथले डॉक्टर सांगतात की अपघाताचा विषय आता पुन्हापुन्हा काढायचा नाही. त्याने मी मागे जातो. तेव्हा कृपा करून त्याबद्दल लिहू नको. शाळेबद्दल लिही, वालाच्या शेंगा धरल्या का ते लिही.

कालपासून जेवण जात नाही. वांग्यांना पाणी घालताना एकाच वाफ्यात उभा राहिलो आणि सगळा वाफा वाहून गेला. सावळाराम म्हणाले, "साहेब, तुमी कुठं असता?" मी म्हटलं, इथेच. ते म्हणाले, "नाय. तुमी गोलात बसता तवा बी दरवाजाकडे बघता."

मामांच्या प्लास्टरचं तू लिहिलंच नाहीस.

स्वरूप


धसई
५ मार्च २०२५

स्वरूप,

तुझ्या पत्राला पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. आज देते आहे, आणि शाळेबद्दल किंवा शेंगांबद्दल लिहिणार नाही.

रविवारी अक्षदावहिनी आल्या होत्या. माहेराहून एकट्या, एसटीने. मला वाटलं, नवऱ्याचं एवढं झालं म्हणून आमच्यावर चिडायला आल्या असतील. त्या बाबांच्या पायाशी बसल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना मागच्या पडवीत नेलं. म्हटलं, वहिनी, आमच्यामुळे दादाला दारू लागली. त्यांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "दर्शना, त्यांच्या पिण्याला सहा वर्षं झाली. मी माहेरी राहते ती कशामुळे, असं वाटलं तुला?"

सहा वर्षं. आम्हाला वाटत होतं त्यांची नोकरी जवळ पडते म्हणून त्या माहेरी राहतात. तूच तसं सांगितलं होतंस.

मी बाबांना विचारलं. दार लावून, समोर बसून विचारलं. बाबा म्हणाले, "तुला शाळेत एवढं शिकवलाय ना, मग गप बसायला बी शिक." मी म्हटलं, तुम्ही दांडा धरला होता का नव्हता? ते म्हणाले, "मी सांगितलाय ते सांगितलाय."

आता माझं खोटं. पायाला प्लास्टर नाही. उजवा पाय गुडघ्याखाली कापला, अपघातानंतर नवव्या दिवशी. आत्या म्हणाली, स्वरूपला आत्ताच कळवू नका, तो अजून खचेल. म्हणून मी प्लास्टर लिहिलं आणि दीड महिना तसंच राहू दिलं. तुला जपायचं म्हणून. बाबा सकाळी विसरून उठायला जातात आणि पडतात. दोनदा पडले. तिसऱ्यांदा आईने धरलं, तरीही ती बोलली नाही.

ज्या माणसाने बैलाच्या शेपटीलाही कधी पीळ दिला नाही, त्याच्यावर सगळा गाव हसतो आहे. मी स्वतः तुझी माफी मागितली, आणि तू ती दिलीस.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. बाबांचा हात दांड्याला लागला होता का? हो किंवा नाही. ऊन, उंची, सेकंद यातलं काही लिहू नको.

दर्शना


केंद्र, शहापूर
१२ मार्च २०२५

दर्शना,

नाही.

मामांचा हात दांड्याला लागला नाही. एकदाही नाही.

तू एवढंच विचारलंस, पण मला पुढचं लिहू दे. पायाचं वाचल्यापासून मी दोन दिवस खाटेवर होतो. काल गोलात बसलो आणि पहिल्यांदा बोललो. ऐकणारे सगळे आपापलं भोगून आलेले होते. आता तुला सांगतो.

मी प्यायलेला होतो. किती आणि कुठे, ते राहू दे. सवयीच्या माणसाला पाय लडखडेपर्यंत आपण प्यायलो आहोत असं वाटतच नाही. त्याला वाटतं आपण आज जरा खुशीत आहोत. मी त्या दुपारी खुशीत होतो. जेवून उठताना मामा म्हणाले, "इतकी वर्सं विमान चालवतोस, मामाला कधी नेलास नाय." मालक मुंबईला होता. जवळच्या धावपट्टीवरचा माणूस घरी गेला होता. किल्ली माझ्याकडेच असायची. कुणाला विचारायचं नव्हतं. मला थांबवेल असं तिथे कुणी नव्हतं, आणि जे थांबवायचं ते मी स्वतः थांबवायला हवं होतं.

चारच्या सुमाराला उडालो. मामा आधी डोळे मिटून बसले, मग उघडले. धसईवरून गेलो तेव्हा देऊळ, शाळा, एसटी सगळं नावं घेऊन ओळखायला लागले. स्वतःचं शेत दिसलं तेव्हा म्हणाले, "अरे, एवढुसाच हाय होय? राबताना तर लय मोठा वाटतो." मग त्यांना खळ्यावर मामी दिसल्या. "हौसा बघ, हौसा," म्हणून दोन्ही हात वर करून हलवायला लागले. भिमीने बरोबर पाहिलं होतं.

मामींनी वर पाहावं, मामांना त्या नीट दिसाव्यात, म्हणून मी खाली आलो. फार खाली. स्पीड कमी केला आणि खळ्याभोवती घट्ट वळण घेतलं. अशा वळणात पंख हवेला धरून राहत नाहीत. दांडा हातात सैल पडतो, जसा दोर तुटलेला रहाट. त्या वेळी काय करायचं हे मी प्रत्येक शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो. नाक खाली कर, पंख सरळ कर. एका सेकंदाचं काम आहे. दांडा सैल पडलेला मला कळला, दर्शना. शुद्धीतला हात त्याच क्षणी पुढे गेला असता. मी तो आणखी मागे ओढला, कारण मामा हसत होते आणि मला ते वळण पूर्ण करून दाखवायचं होतं. डावा पंख खाली कोसळला. मग तुमच्याच शेतातला भाताचा खुंट माझ्या तोंडाजवळ होता.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मामांना एक्स-रेला नेत होते. माझ्या खाटेजवळ त्यांनी गाडी थांबवायला लावली. ओठ सुकले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "पोलीस आलेले. मी सांगितलाय माझ्याकडून झाला. तू गप ऱ्हा." मी "बरं" म्हणालो. त्यानंतर इतके दिवस मी दुसरं काहीच बोललेलो नाही, असं मला वाटतं. तेवढं "बरं" फक्त लांबवत आलो.

२९ जानेवारीचं माझं पत्र तुझ्याकडे असेल. मामांना मोठ्या मनाने माफ केल्याचं. ते फाडू नको. चौकशीत लागलं तर दे.

मी चौकशीच्या साहेबांना आणि पोलिसांना सगळं लिहून पाठवतो आहे. केंद्राचे प्रमुख म्हणाले, आधी वकिलाशी बोला. मी बोलणार नाही. वकिलाशी बोललो तर मी पुन्हा "बरं" म्हणेन.

स्वरूप


धसई
२० मार्च २०२५

स्वरूपदादा,

पत्र मी आधी एकटीने वाचलं, ओढ्यावर जाऊन. मग घरी येऊन बाबांना वाचून दाखवलं. आई दारात उभी होती, तिला जायला सांगितलं नाही.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "मोडला सगळा. एवढा मी जुळवून ठेवलेला." खूप चिडले. तुझ्यावर, माझ्यावर, अक्षदावहिनींवर. "पाय माझा गेला ना? मग दोष बी मलाच घेऊ द्या की." मी म्हटलं, बाबा, खोटा दोष घेऊन काय मिळालं? तेव्हा ते जे बोलले ते तुला कळायला हवं. तू पत्रात "कुठे, ते राहू दे" असं लिहिलंस ते कुणासाठी, हे मला तेव्हा समजलं.

म्हणाले, "खोटा नाय. ती मी ओतली."

मागच्या पडवीत, जेवणाआधी. मोहाची दारू, त्यांनी वाडीवरच्या धाऊकाकाकडून मुद्दाम आणवली होती, भाचा येणार म्हणून. आईला कळू नये म्हणून तांब्यातून. तू नको म्हणालास म्हणे. बाबा म्हणाले, "मामाच्या घरी नको म्हणायचा नसतो," आणि पेला तुझ्या हातात दिला. "मी ओतली, वर मीच म्हटला विमानात ने. मग पाडला कुणी? दांडा कुणाच्या हातात होता ते साहेब लोकांनी बघावा. मला म्हायती हाय."

म्हणजे इतके दिवस ते स्वतःपुरतं खरंच सांगत होते. फक्त दांड्याच्या जागी पेला होता.

आई दारातून आत आली. वाटलं, आता तरी त्यांच्याशी बोलेल. बोलली. म्हणाली, "माझ्या तांब्यातून?" आणि परत गेली. आता ती आम्हा तिघांवर रागावलेली आहे, तुझ्यासकट. पण रात्रीच्या भाकरीला तूप होतं.

बाबांचा निरोप असा की, साहेबांना पत्र पाठवू नको, तुझं आयुष्य पुढं आहे. निरोप पोचवायचा म्हणून पोचवला. माझं मत विचारशील तर मी सांगणार नाही. तू काय करतोस ते मला बघायचं आहे.

दर्शना


केंद्र, शहापूर
२८ मार्च २०२५

दर्शू,

तुझं पत्र येण्याआधीच, चौदा तारखेला, मी पत्र पाठवून दिलं होतं. मामांचा निरोप उशिरा पोचला. बरंच झालं.

मामांना हे आजच वाचून दाखव. त्यांचा पेला हा त्या दिवसातला पहिला नव्हता. सकाळी आठला कल्याणहून निघालो तेव्हा गाडीत पाण्याच्या बाटलीत भरलेली होती. मुरबाड यायच्या आत अर्धी संपली होती. उरलेली तुमच्या दारात गाडी लावल्यावर गाडीतच बसून संपवली, मग वेलची चघळली आणि आत येऊन मामींच्या पाया पडलो. मामांना मी "नको" म्हणालो ते शहाणपणाने नाही. आपण पितो हे त्यांना दिसू नये म्हणून म्हणालो. त्यांनी एक पेला ओतला नसता तरी मी उडालोच असतो, आणि तसंच वळण घेतलं असतं. त्यांना हे मान्य होणार नाही. तरी पुन्हापुन्हा वाच.

परवा पोलीस इथे येऊन गेले. तीन तास जबाब चालला. गुन्हा दाखल होईल. लायसन तर गेलंच, आणि ते जायलाच हवं होतं. चौकशीच्या साहेबांचा फोन प्रमुखांकडे आला होता. त्यांनी एवढंच विचारलं की हे आधी का सांगितलं नाही.

सावळाराम म्हणाले होते, एकदा सांगून टाकलं की हलकं वाटतं. नाही वाटलं. झोप अजून तुटतेच. फक्त गोलात बसलो की दरवाजाकडे बघत नाही.

आता भेटायची परवानगी आहे. मी मामांना या म्हणणार नाही, त्या पायाने त्यांनी का यावं? इथून सुटल्यावर, कोर्टाचं जे होईल ते होवो, मी धसईला यावं की नाही हे मी ठरवणार नाही. ते तुम्ही ठरवा.

तुझा,
स्वरूप


धसई
९ एप्रिल २०२५

दादा,

सोमवारी बाबांना घेऊन मुरबाडला गेले. पोलिसांनी त्यांना पुन्हा जबाबाला बोलावलं होतं. त्यांनी पहिला जबाब खोटा असल्याचं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "आजोबा, खोटं का बोललात?" बाबा म्हणाले, "तेवा पोरगा वाचावा असा वाटला. आता त्यानंच खरं सांगितलाय तर मी कशाला खोटा ऱ्हाऊ?" साहेबांनी दम दिला, सही घेतली, चहा पाजला. पेल्याचंही त्यांनी सांगितलं, मी अडवत असताना. ते लिहून घ्यायला लावलं.

बाजाराच्या दिवशी बाबा कुबड्या घेऊन ओटीवर येऊन बसले, पहिल्यांदा. येणारे जाणारे थांबत होते. एकाने विचारलं, "मग राघोदादा, भाचाच पिऊन होता म्हंजे?" बाबा म्हणाले, "होय. नि घरात मी वाढली होती. आता हसायचा तर दोघांना हस." तो हसला नाही, बसला. मग आईने आतून दोन कप चहा पाठवला. दोन कप म्हणजे एक बाबांना होता.

तुझं पत्र मी त्यांना तीनदा वाचून दाखवलं. गाडीतल्या बाटलीचं ऐकून पहिल्यांदा म्हणाले, खोटा बोलतोय, मला वाचवायला. दुसऱ्यांदा म्हणाले, परत वाच. तिसऱ्यांदा म्हणाले, "म्हंजे पाया पडला तेवा बी?" मी हो म्हटलं. त्यांनी कागद मागितला. मी म्हटलं, सांगा, मी लिहिते. नको म्हणाले. चौथीपर्यंत शिकलेले आहेत, दोन दिवस लागले. मी वाचलेलं नाही, तसंच आत घालते.

दर्शना


चि. स्वरूप यास मामाचा आशीर्वाद.

पाय गेला तेवा मी तुझ्यावर रागावलो नाय. गाव हसला तेवा बी नाय. तू गप राहिलास तेवा बी नाय, गप मीच बसवला होता. मला वाटायचा माझी चूक हाय, मग राग कुणावर करायचा.

आता दर्शीने तुझा पत्र वाचला. तू आधीच पिऊन आलेलास. माझ्या बायकोच्या पाया पडलास नि मला वर नेलास. आता मला तुझा राग आलाय. लय आलाय. जो पाय नाय त्याची बोटं खाजतात, खाजवायला जातो नि हाताला काय लागत नाय, तेवा तुझा नाव घेऊन शिव्या देतो. हौसा म्हणते, द्या, बरा वाटेल.

खरा सांगितलास ते चांगला केलास. सजा होईल ती भोग. दारू सोड. अक्षदाला फसवू नको.

राग गेला की कळवीन. तोवर घरी येऊ नको. पण पत्र लिहीत ऱ्हा, दर्शी वाचून दाखवते.

राघो